मुलाचा बुद्ध्यांक ७८ आला. पुढं काय करायचं?

शाहूपुरीची_आई | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी माध्यम. गेलं वर्षभर शाळेतून तक्रार येतेय. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, धडा वाचायला उभा केला की अडखळतो, पेपर अर्धा कोरा ठेवतो. दिवाळीनंतर बाईंनी सांगितलं, "एकदा आयक्यू काढून आणा." शहरातल्या एका केंद्रावर घेऊन गेलो. त्याला पाऊण तास आत संगणकासमोर बसवलं, आम्ही बाहेर बाकावर. चार दिवसांनी एक पान हातात दिलं. त्यावर नाव, जन्मतारीख आणि ठळक अक्षरांत ७८, 'बॉर्डरलाइन'. खाली एक ओळ, 'विशेष शाळेचा विचार करावा.' बाकी काही नाही.

रिक्षात बसल्यावर त्याने कागद माझ्या हातातून घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आई, अठ्ठ्याहत्तर म्हणजे फर्स्ट क्लास ना?" मी हो म्हटलं. घर येईपर्यंत मला दुसरं काही बोलवलं नाही.

हेच पोरगं वाईला आजोबांच्या दुकानात गल्ल्याजवळ बसतं आणि पाचशेची मोड तोंडी हिशेब करून देतं, चुकत नाही. सातारा स्टँडवरून कुठली एसटी किती वाजता सुटते ते त्याला पाठ आहे. पण पाटी वाचायला सांगितली की मान खाली घालतं. मग हा ७८ कशाचा आकडा आहे? आणि एका आकड्यावर शाळा बदलायची का?

कंदी_पेढा | सोमवार, रात्री ११.०५

ताई, आधी तो कागद कपाटात ठेवा. घाईनं शाळा बदलू नका. माझ्या पुतणीच्या वेळी आम्ही घाई केली होती, अजून चुटपुट लागून राहिलीय.

तानपुरा | मंगळवार, सकाळी ७.१५

मी मिरजेत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. ताई, पोराला काय उत्तर द्यायचं ते शेवटी बघू, आधी मला चार गोष्टी सांगा. चाचणीचं नाव काय? कोणत्या भाषेत घेतली? घेणाऱ्याचं शिक्षण काय? आणि त्या दिवशी मुलाची तब्येत, झोप कशी होती? यातलं काहीच कागदावर नसेल, तर तो अहवालच नाही.

आता आकड्याबद्दल. ७८ म्हणजे शंभरपैकी ७८ गुण नव्हेत, हे बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही. एका वयाच्या पुष्कळ मुलांना तीच चाचणी देतात, त्यांची सरासरी १०० धरतात आणि बहुतेक चाचण्यांत प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, १५ ठेवतात. म्हणजे तीनातली साधारण दोन मुलं ८५ ते ११५च्या मधे येतात. या मोजपट्टीवर ७८ म्हणजे त्याच्या वयाच्या १०० मुलांपैकी साधारण ७ त्याच्या खाली आणि बाकीची वर. आकडा कमी आहे, हे मी लपवणार नाही. पण तो खरा असेल तरच.

शिवाय कुठलीही चाचणी टोकदार सुईसारखी एका बिंदूवर टेकत नाही. चांगल्यातली चांगली चाचणी धरा, विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती टिकतो ते, जास्तीत जास्त १) ०.९५. तरी ७८चा अर्थ 'साधारण ७१ ते ८५च्या दरम्यान कुठेतरी' असाच होतो. म्हणून नीट लिहिलेल्या अहवालात आकड्याशेजारी हा पल्ला दिलेला असतो. ७१ आणि ८५ यांत एका मुलाच्या आयुष्याचा फरक आहे.

कुपवाड_एमआयडीसी | मंगळवार, सकाळी ९.३०

माझं स्पष्ट मत, हे सगळं थोतांड आहे. मुलीच्या वेळी आमच्याकडे एक जण आला होता. दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेतीन हजार रुपये घेतले आणि चाळीस पानांचं रंगीत पुस्तक दिलं. डावा मेंदू अमुक टक्के, उजवा तमुक टक्के, मुलगी डॉक्टर किंवा नृत्यांगना होईल. आमच्या शेजारच्या पोराचं पुस्तक मागून बघितलं तर निम्मी वाक्यं सारखीच!

कारखान्यात तर चार इंग्रजी अक्षरांत माणूस बसवतात. मला एका वर्षी एक प्रकार आला, पुढच्या वर्षी दुसरा. मी तोच, मशीन तेच.

तानपुरा | मंगळवार, दुपारी १.५०

दादा, तुमचा राग रास्त आहे, पण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा करिअर सांगणं, ज्याला डीएमआयटी म्हणतात, त्याला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही हे जाहीर केलेलं आहे. ती मानसशास्त्रीय चाचणीच नव्हे, त्यामुळे तिच्यावरून चाचण्यांना नावं ठेवू नका.

निम्मी वाक्यं सारखी का निघाली? १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाला 'तुमचं' वर्णन दिलं. ते किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग त्यानं उघड केलं की सगळ्यांना शब्दन् शब्द एकच वर्णन दिलंय, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललीत. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता', हे कोणाला लागू पडणार नाही?

चार अक्षरांची ती मायर्स-ब्रिग्ज, व्यक्तिमत्त्वाचे प्रकार पाडणारी प्रश्नावली. ती काढणारी संस्थाच सांगते की नोकरीला माणूस निवडताना ती वापरू नका. तरीही वापरतात. तिथं चूक वापरणाऱ्याची.

उमदीचे_गुरुजी | मंगळवार, रात्री ८.२०

तानपुराताईंनी भाषेचा प्रश्न विचारला, म्हणून लिहितो. जत तालुक्यात पूर्वेकडं, उमदी-संख भागात माझी तीस वर्षं गेली. इथं पुष्कळ घरांत कन्नड बोलतात आणि पोरं मराठी शाळेत येतात. असाच दुसरीतला एक मुलगा. तालुक्याच्या गावी तपासणीला नेला. मी शेजारीच बसलो होतो. समोरच्या माणसानं चित्रांचे पत्ते काढले, एकेक दाखवून नाव विचारायला लागला. छत्रीचं चित्र आलं. पोरगं चटकन म्हणालं, "कोडे." तो माणूस हसला, म्हणाला, "कोडं नाही बाळा, नीट बघ." पोरानं पुन्हा बघितलं, पुन्हा म्हणालं, "कोडे." त्यानं कागदावर फुली मारली.

कन्नडमध्ये छत्रीला कोडेच म्हणतात. पोरगं दोन्ही वेळा बरोबर होतं. मी तोंड उघडलं तर "गुरुजी, मधे बोलू नका, चाचणी बिघडते" असं ऐकवलं. पुढच्या चित्रांना पोरानं ओठच उघडले नाहीत. नंतर त्याच्या नावापुढं जो शेरा आला तो सातवीपर्यंत त्याच्या मागं होता.

आणि वाईट याचं वाटतं की आपल्या भागात हे काम फार आधी सुरू झालेलं आहे. धारवाडकडं डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात फ्रान्सच्या बिने यांच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप केलं, ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की कृष्णेच्या या पट्ट्यात पोराला त्याच्या भाषेत विचारलं पाहिजे.

बेदाणा | मंगळवार, रात्री ९.०२

गुरुजी, काटा आला अंगावर.

मला लहानपणी विचारलेला एक प्रश्न अजून आठवतो, ताईंच्या मुलाच्या उपयोगी पडेल म्हणून देतो : [संपादित]

तानपुरा | मंगळवार, रात्री ९.१०

बेदाणा, कृपा करून तो प्रश्न काढा. संपादकांनाही विनंती. एकदा प्रश्न फुटला की कसोटी मेली. घरी घोकून आलेल्या मुलाचा आकडा वाढतो आणि ज्याला खरी मदत हवी तोच यादीतून निसटतो. असा एक-एक प्रश्न तयार व्हायला काय लागतं, ते करणाऱ्यालाच माहीत.

संपादक | मंगळवार, रात्री ९.२५

प्रश्न काढला आहे. या धाग्यावर कोणत्याही चाचणीतले प्रत्यक्ष प्रश्न देऊ नयेत.

विट्याची_लेक | मंगळवार, रात्री ११.४०

प्रश्न तयार व्हायला काय लागतं ते सांगते. एमएला सांगलीत असताना माझा प्रकल्प होता, अकरावीच्या मुलांसाठी परीक्षेच्या भीतीची मापनश्रेणी. मी हौसेनं १२० विधानं लिहिली. तीन प्राध्यापकांकडं तपासायला दिली, त्यांनी चाळीसेक उडवली. काही एकाच अर्थाची होती, काही एका वाक्यात दोन गोष्टी विचारणारी.

मग पूर्वचाचणी. खानापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कागद वाटले. माझं एक लाडकं विधान होतं, 'पेपर मिळण्याआधी मला हुरहूर लागते.' मागच्या बाकावरून हात वर. "मॅडम, हुरहूर म्हंजे?" दुसरा म्हणाला, "आठवण येती तसं." तिसरी म्हणाली, "कुणी गावाला गेलं की लागती ती." परीक्षेशी कुणीच जोडेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "जीव घाबरा होतो असं लिवा की." तसंच लिहिलं. आणखी एक विधान होतं, 'मला परीक्षेची भीती वाटत नाही असे नाही.' त्या ओळीवर अख्ख्या वर्गाचे पेन थांबलेले मी डोळ्यांनी पाहिले. ते विधान तिथंच फाडलं.

नंतर आकडेमोड. एकूण गुण जास्त असलेली आणि कमी असलेली मुलं एखाद्या विधानाला सारखंच उत्तर देत असतील, तर त्या विधानानं काही वेगळं केलंच नाही, ते बाद. सगळेच 'हो' म्हणतात तेही बाद. उरलेली विधानं काही आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा दिली, उत्तरं टिकतात का बघायला. ती झाली विश्वसनीयता. आणि आपण भीतीच मोजतोय की आळस मोजतोय, हे दुसऱ्या पुराव्यांनी पटवायचं, ती सप्रमाणता. हा दुसरा भाग मला कधीच पूर्ण जमला नाही, आणि मी तसंच प्रबंधात लिहून दिलं. घरातला वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण खरा नाही. बाजारातल्या किती चाचण्या अशा काट्यासारख्या आहेत!

शाहूपुरीची_आई | बुधवार, दुपारी ३.००

सगळ्यांचे आभार. केंद्राला फोन केला. चाचणीचं नाव दोनदा विचारलं, "आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे" एवढंच सांगितलं. प्रश्न सगळे इंग्रजीत, वाचून टिचकी मारायची. ज्याला वाचताच येत नाही त्याला वाचून उत्तर द्यायला बसवलं, हे मला आज कळलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी पहिल्या चौकोनावर दाबत गेलो, पटकन संपतंय."

अपशिंगेकर | बुधवार, रात्री ७.४५

आमच्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, घरटी फौजेत माणूस. माझा मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये होता. १९६१ साली देशातलं पहिलं सैनिक स्कूल इथंच निघालं. एसएसबीला, म्हणजे फौजेतले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाकडे, गेला तेव्हा मानसशास्त्राचा दिवस कसा असतो ते त्याच्याकडून ऐकलंय. बारा चित्रं, शेवटचं कोरं, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग साठ शब्द, एका शब्दाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. शेवटी स्वतःबद्दल, १५ मिनिटं.

क्लासवाले वाक्यं पाठ करून घेतात. यानंही केली होती. तो म्हणाला, "बाबा, चाळिसाव्या शब्दापर्यंत पाठ केलेलं टिकतं, मग डोकं थकतं आणि आपलंच बाहेर यायला लागतं." मला तेव्हा पटलं की चाचणी बांधणारा माणूस साधा नाही. म्हणून कुपवाडच्या भावांचं 'सगळं थोतांड' मला पटत नाही.

कुपवाड_एमआयडीसी | बुधवार, रात्री ८.१०

काका, तुमचं आणि विट्याच्या ताईंचं वाचून माझा शब्द मागं घेतो. पण गोष्टीवरून माणूस ओळखतात यावर मन बसत नाही. वाचणारा बदलला तर?

तानपुरा | बुधवार, रात्री ९.३०

नेमका प्रश्न विचारलात. चित्रावरून गोष्ट ही पद्धत मरे आणि मॉर्गन यांनी १९३५मध्ये हार्वर्डमधून मांडली. तिचा अर्थ लावणं बरंचसं वाचणाऱ्यावर अवलंबून राहतं, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच एसएसबीत त्या एकट्या दिवसावर निकाल लागत नाही. मुलाखत घेणारा वेगळा, मैदानावरची गटकामं बघणारा वेगळा, आणि शेवटी सगळे एकत्र बसतात.

मुलांच्या बाबतीतही हेच हवं. आल्फ्रेड बिने यांना पॅरिसमध्ये १९०४ साली सरकारी समितीवर घेतलं ते शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची शिकवणी देण्यासाठी. १९०५मध्ये त्यांनी आणि सिमाँ यांनी ३० प्रश्नांची पहिली श्रेणी काढली, सोप्याकडून अवघडाकडे. मुलाला शाळेबाहेर काढायला ती केलेलीच नव्हती. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि वाढत नाही असं म्हणणाऱ्यांना बिने यांनी १९०९ साली खडसावलं होतं, हा निर्दय निराशावाद आहे म्हणून. १९११मध्ये ते गेले आणि त्यांच्या चाचणीचं पुढं अमेरिकेत जे झालं ते बघायला उरले नाहीत. बोटीतून उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांना न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १९१३च्या सुमारास दुभाष्यामार्फत चाचण्या दिल्या आणि त्यावरून मंदबुद्धी ठरवलं. गुरुजींचं कोडे तिथंही झालंच होतं.

बेदाणा | बुधवार, रात्री १०.१५

थोडं विषयांतर. दहावीच्या मुलांचा ओढा कुठल्या क्षेत्राकडे आहे ते बघणारी कल चाचणी २०१६ला पहिल्यांदा झाली, मी त्या तुकडीतला, तासगावचा. मला ललित कला आली होती. वर्गात निम्म्यांना गणवेशधारी सेवा. वडिलांची द्राक्षबाग होती, मी शेतीच धरली. पण चित्रकला सोडली नाही, आमच्या बेदाण्याच्या पेटीवरचं चित्र माझं आहे. ती चाचणी चुकली असं मी म्हणणार नाही.

विट्याची_लेक | बुधवार, रात्री १०.५०

@बेदाणा, कल म्हणजे काय आवडतं. जमेल की नाही ते अभिक्षमता सांगते. आवड ही पाहिलेल्या गोष्टींतूनच येते. ज्या गावात रोज गणवेश दिसतो तिथं गणवेश आवडणारच. पालक तो कागद भविष्य म्हणून वाचतात, तिथं घोटाळा होतो.

तानपुरा | बुधवार, रात्री ११.२०

मूळ प्रश्नाकडे येते. ताई, मुलाला पुन्हा तपासा, पण नावाजलेल्या प्रमाणित चाचणीनं, मराठीत, समोरासमोर. आपल्याकडे डॉ. मालिन यांची नागपूरला तयार झालेली, १९६९ची चाचणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. तोंडी आणि हातानं करायचे असे तिचे दोन भाग असतात, आणि या दोहोंतला फरक एकूण आकड्यापेक्षा जास्त बोलतो. बिने-कामतही वापरात आहे. मात्र मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांवरून सरासरी ठरवली ती मोजपट्टी, जितकी जुनी तितका आकडा फुगण्याचा संभव, कारण पुष्कळ देशांत दर दहा वर्षांना सरासरी साधारण तीन गुणांनी वर सरकत गेलेली दिसली. हे घेणाऱ्याला विचारा, त्यात संकोच नको.

तुमच्या वर्णनावरून मला वाचनाची वेगळी तपासणी जास्त गरजेची वाटते. मोड तोंडी देणारं आणि पाटी न वाचणारं मूल, हे चित्र माझ्या खोलीत पुष्कळदा येतं.

शाहूपुरीची_आई | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१०

धागा वर काढते. सांगलीला जाऊन आलो, दोन रविवार. पहिला अर्धा तास त्या बाई त्याच्याशी नुसत्या एसटीच्या वेळांबद्दल बोलल्या, टेबलावर एकही कागद नव्हता. मग लाल-पांढरे ठोकळे काढले. नमुना बघून तसाच रचायचा. तो जिभेचं टोक ओठावर धरून रचत होता, दाराच्या फटीतून मला दिसत होतं. एक रचून झाला की हात मांडीवर ठेवून पुढच्याची वाट बघायचा. त्याला इतकं शांत मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

अहवाल सात पानांचा आहे. चाचणीचं नाव, भाषा, तारीख, पल्ला, सगळं लिहिलंय. बुद्ध्यांक सरासरीच्या पट्ट्यात. ठोकळे आणि तोंडी गणित वयाच्या पुढं. आकडे उलटे म्हणणं कच्चं. आणि वाचन-लेखन दुसरीच्या पातळीच्या खाली, अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अवघड जाणं, असण्याची दाट शक्यता. म्हणजे अडचण आहेच, पण ती वेगळीच निघाली. शाळेनं अहवाल ठेवून घेतलाय, 'बघतो' म्हणालेत. अजून काही ठरलेलं नाही. वर्षभर आम्ही त्याला 'लक्ष देत नाहीस' म्हणून ओरडलो, ते आता आठवतं.

घरी आल्यावर त्यानं सातही पानं उलटली आणि विचारलं, "यात मार्क कुठं लिहिलेत?" मी त्याला ठोकळ्यांची ओळ दाखवली.

तानपुरा | रविवार, सायंकाळी ६.४०

बरं वाटलं वाचून. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची प्रक्रिया आत्तापासून सुरू ठेवा. दहावीला बोर्डाकडून जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, तेव्हा जुन्या नोंदी लागतात. पण सवलत नंतर, वाचनाचं काम आधी. रोज वीस मिनिटं, मराठीतून, अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी पक्की होईपर्यंत. आणि 'फर्स्ट क्लास' म्हणालात ते आता दुरुस्त करून सांगायला हरकत नाही. ती मुलं खरं ऐकून घेतात.

उमदीचे_गुरुजी | रविवार, रात्री ८.०५

ताई, मी आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. माझं अक्षर मोठं आणि सुटं आहे. चार-चार ओळी लिहून फोटो पाठवत जाईन. धड्यातलं नको, त्याला काय वाचायची इच्छा आहे ते विचारा.

शाहूपुरीची_आई | रविवार, रात्री ८.३०

गुरुजी, विचारलं. म्हणाला, एसटीच्या पाट्या.

उमदीचे_गुरुजी | रविवार, रात्री ८.३४

मग पाट्याच. 'कराड'पासून सुरू करू, तीनच अक्षरं आणि एकच काना. 'महाबळेश्वर' शेवटी ठेवू. पहिल्या दहा उद्या सकाळी पाठवतो.